रिफ्लेक्सॉलॉजी करून घेण्याआधी : पुरावा किती, काळजी कोणती, माणूस कसा निवडायचा

तळपायावर ठरावीक जागी दाब दिला की शरीरातल्या ठरावीक अवयवाचं काम सुधारतं, या कल्पनेवर रिफ्लेक्सॉलॉजी उभी आहे. आपल्याकडे बरेच जण तिला नुसतं 'पायाचे पॉइंट दाबून घेणं' म्हणतात. आईची केमोथेरपी चालू होती तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण कुणा ना कुणाचा नंबर देऊन जायचा. एकीकडे 'काही उपयोग नाही' म्हणणारे, दुसरीकडे 'गाठसुद्धा विरघळते' म्हणणारे. मधलं, विश्वास ठेवण्यासारखं कुणी सांगत नव्हतं. म्हणून मी अभ्यास वाचले, तिच्या डॉक्टरांना विचारलं, बऱ्याच थेरपिस्टशी बोलले आणि सगळं तपासून मग तिच्यासाठी सोय केली. पाय दाबून घेतले की त्या रात्री तिला झोप बरी लागायची. त्या दिवसांत एवढंही आमच्यासाठी मोठं होतं.

माझं मत आधीच सांगते. पायाला मिळणारा आराम खरा आहे. पायावर अवयवांचा नकाशा आहे, याचा मात्र पुरावा नाही. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवलं तर पैसे वाया जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे चालू उपचार थांबत नाहीत. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. चौथी पायरी तर कुणीही वगळू नये.

१. कशासाठी जाताय, ते कागदावर लिहा

एका ओळीत लिहा: 'मला अमुक हवंय.' ताण कमी व्हावा, झोप लागावी, दिवसभर उभं राहून भरून आलेले पाय मोकळे व्हावेत, आजारपणात थोडं बरं वाटावं, असं काही असेल तर पुढे वाचा.

साखर, थायरॉइड, मुतखडा, पाळीची अनियमितता, मूल न होणं, गाठ यांतलं काही लिहिलं असेल तर त्याचा उपचार इथे नाही. आधी त्या त्या डॉक्टरांकडे जा. नंतर आराम म्हणून पाय दाबून घ्यायचे असतील तर जरूर घ्या.

तिसराही एक प्रकार असतो: त्रास होतोय, पण निदान झालेलं नाही. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना टाचेत कळ येते, हे नेहमीचं उदाहरण. बहुतेकदा हे तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं असतं. पोटरीचे आणि तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम, योग्य चपला यांनी ते बरंच आटोक्यात येतं. फिजिओथेरपिस्ट एका भेटीत हे दाखवून देतात. 'टाच म्हणजे ओटीपोटाचा पॉइंट, तिथे दोष आहे' असं कुणी सांगितलं आणि तुम्ही सोनोग्राफीच्या चिंतेत पडलात, तर दुखणं बाजूलाच राहतं.

२. ही पद्धत आली कुठून, एवढं माहीत असू द्या

रिफ्लेक्सॉलॉजी पाच हजार वर्षं जुनी आहे असं तुम्हाला हमखास सांगितलं जाईल. पुरावा म्हणून इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या अंखमाहोर या प्राचीन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं चित्र दाखवतात. त्यात काही माणसं दुसऱ्यांचे हात-पाय हातात घेऊन बसलेली आहेत. ती नेमकं काय करताहेत याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही आणि पायावर अवयवांचा नकाशा त्या चित्रात कुठेही नाही.

आज आपण जो तक्ता बघतो तो विसाव्या शतकातला, अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झजेराल्ड हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे पाडता येतात आणि एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यात दुसरीकडचं दुखणं कमी होतं, असं त्यांनी मांडलं. या 'झोन थेरपी'वर १९१७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी सगळं लक्ष तळपायावर केंद्रित केलं आणि अवयवांचा तपशीलवार नकाशा तयार केला. अंगठ्यात डोकं, चवड्यात फुप्फुसं, आतल्या कडेला पाठीचा कणा, टाचेत ओटीपोट.

नकाशाचा आधार शरीररचनेत सापडत नाही. पायाच्या अमुक जागेतून थेट यकृताकडे किंवा स्वादुपिंडाकडे जाणारी नस नाही. वेगवेगळ्या पठडीतल्या तक्त्यांमध्ये काही अवयवांच्या जागाही जुळत नाहीत. दोन दुकानांतले दोन तक्ते शेजारी ठेवून बघितलेत तर हे तुमच्याही लक्षात येईल.

आपल्याकडे यात अजून दोन गोष्टी मिसळल्या जातात. एक अ‍ॅक्युप्रेशर: ते चिनी वैद्यकातल्या मेरिडियनच्या, म्हणजे अंगातून शक्ती वाहून नेणाऱ्या मार्गांच्या, कल्पनेवर चालतं आणि त्याचे बिंदू सगळ्या अंगावर असतात. दुसरं आयुर्वेदातलं पादाभ्यंग. तळपायाला तेल लावल्याने खरखरीतपणा, कोरडेपणा, थकवा, बधिरपणा कमी होतो असं चरकसंहितेत सांगितलं आहे. आजी रात्री तळपायाला खोबरेल किंवा तूप चोळायची ते या परंपरेतलं. त्यात अवयवांचा तक्ता नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. थेरपिस्ट तिन्ही नावं एका दमात घेत असेल तर 'तुम्ही नेमकं काय शिकलात?' असं सरळ विचारा.

३. पुरावा वाचायला शिका

इथे थोडा वेळ द्या. 'संशोधनाने सिद्ध झालंय' हे वाक्य तुम्हाला जाहिरातीत दिसेल आणि ते पूर्ण खोटंही नसेल. कुठला अभ्यास, आणि कशाशी तुलना केली, यावर सगळं अवलंबून असतं.

पाय दाबून घेतलेल्या लोकांची तुलना काहीच न केलेल्या लोकांशी केली तर पाय दाबून घेतलेल्यांना बरं वाटणारच. अर्धा तास पडून राहायला मिळालं, कुणीतरी आस्थेने विचारपूस केली, पायाला उबदार हात लागला. यातल्या कशानेही माणसाला बरं वाटतं. नकाशा खरा आहे का हे बघायचं असेल तर दुसऱ्या गटालाही पायाचा साधा मसाज द्यावा लागतो, 'पॉइंट' न धरता. असे अभ्यास झालेले आहेत.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या वेदनांवर उत्तर आयर्लंडमध्ये झालेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. सत्तरच्या आसपास रुग्ण, दहा आठवडे, आठवड्यातून एकदा. एका गटाला रिफ्लेक्सॉलॉजी, दुसऱ्याला पायाचा ठरावीक साधा मसाज. वेदना दोन्ही गटांत चांगल्यापैकी कमी झाल्या आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. पाय चोळण्याने वेदना कमी झाल्या, पॉइंट कुठला धरला याने काही बदललं नाही. इंग्लंडमध्ये रजोनिवृत्तीच्या काळातल्या ७६ स्त्रियांवर २००२ मध्ये असाच अभ्यास झाला. चिंता आणि उदासी दोन्ही गटांत उतरली, फरक पुन्हा नाहीच.

एक्सेटर विद्यापीठातले पूरक उपचारांचे प्राध्यापक एडझार्ड अर्न्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तोवरच्या २३ नियंत्रित (तुलनेला दुसरा गट असलेल्या) चाचण्या एकत्र तपासल्या. ८ चाचण्यांत फायदा दिसला, १४ मध्ये दिसला नाही, एकीचा निष्कर्ष धड कुठल्याच बाजूचा नव्हता. त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या, कित्येकींची आखणी कच्ची होती. कुठल्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक आहे असं खात्रीने म्हणता येत नाही, हाच त्यांचा निष्कर्ष. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही नैसर्गिक उपचारांचा आढावा घेतला आणि १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून ज्या १६ उपचारांना मिळणारी सवलत काढली, त्यांत रिफ्लेक्सॉलॉजी होती. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी विम्याचं गणित करताना हे लक्षात घ्यावं.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेत स्तनाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या ३८५ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन गट होते: रिफ्लेक्सॉलॉजी, साध्या माणसाने केलेला पायाचा मसाज, आणि फक्त नेहमीचे उपचार. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप लागणं कमी झालं आणि रोजच्या हालचाली थोड्या सुधारल्या. थकवा मात्र साध्या मसाजच्या गटात कमी झाला. वेदना, मळमळ, उदासी, चिंता यांत फरक आढळला नाही. मला यातून कळलं ते असं की आजारी माणसाच्या पायाला हात लावण्यात काहीतरी नक्की आहे. गाठीवर परिणाम होतो, असं मात्र यातलं कुणीच म्हणत नाही.

'पाय बघून आजार सांगतो' या दाव्यावर वेगळं बोलते, कारण तो सर्वांत धोक्याचा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टना १८ जणांचे पाय दाखवले गेले. या लोकांना सहा ठरलेल्या आजारांपैकी कोणते आहेत हे त्यांच्या वैद्यकीय नोंदींवरून आधीच माहीत होतं, तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. पायावरून निदान करता येतं असं त्यातून दिसलं नाही. तेव्हा पाय दाबताना कुठे दुखलं आणि 'तुमची किडनी कमजोर आहे' असं ऐकायला मिळालं, तर घाबरू नका. तळपायात काही जागा दाबल्यावर कुणालाही दुखतात. आणि पाय बघून 'सगळं उत्तम आहे' म्हणाले म्हणून ठरलेली तपासणी पुढे ढकलू नका. माझ्या दृष्टीने यातला धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे.

४. डॉक्टरांना विचारा. पुढचं काही असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय पायाला हात लावू देऊ नका

'मालिशच तर आहे, त्याला डॉक्टर कशाला' असं घरातली मोठी माणसं म्हणतील. त्यांना ही यादी वाचून दाखवा.

एका पायाला अचानक सूज, पोटरीत दुखणं, तिथली कातडी गरम किंवा लालसर होणं: पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पायाला चोळणं धोक्याचं, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर, लांबच्या प्रवासानंतर, बाळंतपणात किंवा कर्करोगात ही शक्यता वाढते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत दम लागला, छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

मधुमेह: आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना तो आहे, म्हणजे जवळपास प्रत्येक नात्यात कुणी ना कुणी. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू जाते. दाब जास्त झाला, पॉइंट दाबायची काठी टोचली, पाणी जास्त गरम होतं, तरी कळत नाही आणि लहानशी जखम महिनोन्‌महिने चिघळते. डॉक्टरांकडे नायलॉनच्या बारीक तंतूने पाय तपासण्याची साधी चाचणी असते. काही मिनिटांत होते, दुखत नाही. ती केल्याशिवाय मधुमेही माणसाने पायावर लाकडी काठीने दाबून घेऊ नये. माझ्या मते तर संवेदना चांगली असली तरी काठी नकोच, हात पुरे.

केमोथेरपी चालू असेल तर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी झालेल्या असू शकतात, मग थोड्या दाबानेही काळंनिळं होतं. काही औषधांनी पायाला बधिरपणा आणि मुंग्याही येतात. आईच्या डॉक्टरांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: रक्ताचा ताजा रिपोर्ट बघायचा, दाब हलका ठेवायचा, आणि हाडात आजार पसरलेला असेल तिथे अजिबात दाबायचं नाही. तुमच्या रुग्णासाठी नियम वेगळे असू शकतात, म्हणून तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

याशिवाय: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ झालेली असणं, नुकतंच मोडलेलं हाड, गाउटचा (युरिक आम्लाने सांधे सुजण्याचा) भडका, पायावर जखम किंवा पू, फुगलेल्या शिरा, चालताना पोटरी भरून येणं आणि पाय थंडगार पडणं. गरोदरपणात स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. 'पॉइंट दाबून कळा आणतो' म्हणणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका.

५. सोबत काय न्यायचं

- चालू औषधांची यादी, डोससकट. मोबाइलमधला फोटोही चालतो.
- मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) शेवटचा रिपोर्ट, केमो असेल तर ताजा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी).
- डॉक्टरांनी 'चालेल' म्हटल्याची चिठ्ठी. मिळाली नाही तर त्यांनी घातलेल्या अटी तरी लिहून न्या.
- स्वतःचा स्वच्छ टॉवेल. तेलाची अ‍ॅलर्जी असेल तर स्वतःचं तेलही.
- गुडघ्यापर्यंत सहज वर सरकतील असे सैल कपडे.

फाइल थेरपिस्टच्या हातात देऊन घरी येऊ नका. मूळ रिपोर्ट नेहमी स्वतःकडे ठेवा.

६. थेरपिस्ट निवडताना

भारतात आयुष मंत्रालयाखाली येणाऱ्या पद्धती म्हणजे आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध (तमिळ वैद्यक), सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आणि होमिओपॅथी. रिफ्लेक्सॉलॉजी त्यांत नाही. अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. रिफ्लेक्सॉलॉजीसाठी तशी नोंदणी नाही. म्हणून भिंतीवरचं सर्टिफिकेट कुठल्या तरी खासगी संस्थेच्या कोर्सचं असतं. तो कोर्स दोन दिवसांचाही असू शकतो, दोन वर्षांचाही. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. ब्रिटनमध्ये राहत असाल तर तिथे २००८ पासून सीएनएचसी ही ऐच्छिक नोंदणी संस्था आहे, तिच्या यादीत नाव आहे का बघता येतं. नाव असलं म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नाही. पण प्रशिक्षण, विमा आणि तक्रारीची सोय आहे एवढं कळतं.

जाण्याआधी फोनवर हे विचारा:

- तुम्ही कुठे आणि किती दिवस शिकलात? किती वर्षं करताय?
- माझ्या आईला अमुक आजार आहे, तुम्ही काय काळजी घ्याल?
- हाताने करता की काठीने, मशीनने?
- एका वेळचे पैसे किती? पॅकेज घेतलंच पाहिजे का?
- औषधं चालू ठेवायची ना?

सर्वांत जास्त शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराकडे लक्ष द्या. 'हळूहळू बंद करू' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दुसऱ्या प्रश्नावर जो माणूस थांबतो, उलट चार प्रश्न विचारतो, 'डॉक्टरांना विचारून या' म्हणतो, तो चांगला. आम्ही ज्या बाईंना निवडलं त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, 'ताई, मी आजार बरा करत नाही, आईंना जरा बरं वाटेल एवढं बघते.' मला त्याच वाक्याने विश्वास वाटला.

७. पहिल्या वेळी काय होतं

आधी तब्येतीची चौकशी होते. झाली नाही तर तुम्हीच सांगा. मग पाय धुऊन, पुसून तुम्ही आरामखुर्चीत किंवा बेडवर टेकता. थेरपिस्ट अंगठ्याच्या पेराने तळव्यावर सुरवंटासारखा पुढे सरकत दाब देतो. हीच या पद्धतीची खास चाल. साधारण अर्धा ते एक तास लागतो.

दाब सुखाचा वाटला पाहिजे. 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय' हे मानू नका. दुखलं की लगेच 'हळू' म्हणा, आणि वयस्कर आईवडील संकोचाने बोलत नसतील तर त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवून तुम्ही म्हणा. संपल्यावर एकदम उठू नका. पायाला तेल असतं, फरशीवर घसरायला होतं.

दुसऱ्या दिवशी डोकं जड झालं, जुलाब झाले, ताप आला तर 'शरीरातली घाण बाहेर पडतेय' असं समजावलं जाईल. ते ऐकून थांबून राहू नका. केमोच्या रुग्णाला ताप आला तर ती तातडीची गोष्ट असते, लगेच रुग्णालयाला कळवा.

८. नेहमीचे सापळे

काशाच्या थाळीचं मशीन गेल्या काही वर्षांत गावोगावी, प्रदर्शनांत, मॉलमध्ये दिसतं. पाय थाळीवर ठेवायचे, तूप किंवा तेल घालायचं, थाळी फिरते आणि थोड्या वेळात तळवे काळे होतात. 'बघा, उष्णता बाहेर आली.' काशात तांबं आणि कथील असतं. ते तूप आणि घामासोबत घासलं की काळपट थर सुटतो, त्याचा तुमच्या पित्ताशी संबंध नाही. काशाच्या वाटीने तळपाय चोळल्यावर छान वाटतं, मला स्वतःला ते फार आवडतं. घरच्या वाटीने खुशाल करा. काळ्या रंगावरून तब्येतीचं अनुमान मात्र काढू देऊ नका.

मिठाच्या पाण्यात पाय बुडवून वीज सोडणारं 'डिटॉक्स' यंत्र हाही असाच प्रकार. पाणी तपकिरी होतं ते यंत्रातल्या धातूच्या पट्ट्या गंजल्यामुळे. पाय न घालता यंत्र चालवायला सांगा, पाणी तरीही रंग बदलतं.

टोकदार अ‍ॅक्युप्रेशर चपला आणि लाकडी रोलर हे संवेदना कमी झालेल्या पायांना अजिबात नकोत. बागांमध्ये गोट्यांचे अ‍ॅक्युप्रेशर ट्रॅक असतात, त्यांच्याबद्दल मात्र थोडी चांगली बातमी आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये साठीपुढच्या १०८ लोकांवर एक अभ्यास झाला, २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १६ आठवडे गोट्यांच्या चटईवर चाललेल्यांचा तोल आणि रक्तदाब, साध्या जमिनीवर चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. म्हणजे पाय चांगले असतील, पडण्याची भीती नसेल, तर कठड्याला धरून सावकाश चालून बघायला हरकत नाही. मधुमेहींनी तिथेही अनवाणी जाऊ नये.

पॅकेजचा आग्रह हा शेवटचा सापळा. पहिल्याच दिवशी तीस बैठकांचे पैसे एकदम भरू नका. कितीही सवलत असली तरी नको. आणि मधुमेह, कर्करोग, हृदयविकार 'मुळापासून बरा' करण्याची जाहिरात दिसली तर जपून राहा. अशा आजारांवरच्या औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे.

९. घरीच करायचं असेल तर

मला विचाराल तर बहुतेक घरांनी इथूनच सुरुवात करावी. तिसऱ्या पायरीतला ३८५ स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधक गटाने पुढे २५६ स्तनकर्करोग रुग्ण आणि त्यांच्या घरच्या माणसांचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये आला. घरच्या माणसाला थोडं शिकवून, आठवड्यातून निदान एकदा, अर्धा तास, चार आठवडे पाय दाबायला सांगितलं. रुग्णांच्या एकूण त्रासाची तीव्रता कमी झाली. त्यात साध्या मसाजशी तुलना नव्हती, त्यामुळे पॉइंटचं श्रेय किती ते त्यावरून सांगता येत नाही. पण नवरा, मुलगी, सून यांच्या हातांनी हे होऊ शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं. मदत करायची इच्छा असून काय करावं ते न सुचणाऱ्या घरच्यांनाही यातून काहीतरी करता येतं.

डॉक्टरांनी होकार दिला असेल तर असं करा. नखं कापा, अंगठ्या काढा, हात साबणाने धुवा. रुग्णाचे पाय धुवायचं पाणी कोमट असावं, आणि ते स्वतःच्या कोपराने तपासा. रुग्णाचा पाय बधिर असेल तर त्याला गरम कळणार नाही. पाय बघा: भेगा, कुरूप, फोड, बेचक्यांत पांढरा चिखल्यांसारखा थर. तसं काही असेल तर ती जागा सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

पायाखाली उशी घ्या. चमचाभर खोबरेल किंवा तिळाचं तेल दोन्ही तळव्यांत चोळून गरम करा. आधी पूर्ण पाय दोन्ही हातांत धरून घोट्याकडून बोटांकडे आणि परत, सावकाश. मग दोन्ही अंगठ्यांनी टाचेपासून चवड्यापर्यंत सरकत या, तळव्याच्या खोलगट भागात हलक्या हाताने. एकेक बोट मुळापासून टोकाकडे धरून सोडा, ओढू नका. घोटा दोन्ही दिशांनी हळू फिरवा. एका पायाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शेवटी तेल पुसा, बेचक्या कोरड्या करा, मोजे घाला. तक्ता लागत नाही. बोलायची इच्छा असेल तर बोला, नसेल तर शांत बसू द्या.

१०. नोंद ठेवा आणि थांबायचं कधी ते आधीच ठरवा

पहिल्या पायरीत लिहिलेल्या ओळीखाली रोज एक आकडा लिहा: झोप, थकवा किंवा वेदना, शून्य ते दहा. चार आठवड्यांनी बघा. आकडा हलला नसेल आणि माणसाला त्यात सुखही वाटत नसेल तर बंद करा. आकडा फारसा हलला नाही, पण आईला त्या अर्ध्या तासाची ओढ आहे, असंही होतं. परवडत असेल तर तेवढं कारण पुरेसं आहे.

मधल्या काळात नवीन गाठ, वजन उतरणं, पायावर न भरणारी जखम, वाढता बधिरपणा दिसला तर चार आठवडे थांबू नका. साखर किंवा रक्तदाब सुधारल्यासारखा वाटला तरी गोळी स्वतःहून कमी करू नका. रीडिंग डॉक्टरांना दाखवा, काय ते त्यांना ठरवू द्या. भरलेले पैसे अडकले किंवा खोट्या दाव्यांनी फसवणूक झाली तर पावती, जाहिरातीचा फोटो आणि मेसेज जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून रोख देऊन मोकळं होऊ नका, पावती मागून घ्या.